सदाशिव पेठ ते वारजे, व्हॉलीबॉलच्या मागे

आमच्या इमारतीत अकरा बिऱ्हाडं आहेत. त्यातल्या सहा बिऱ्हाडांतली माणसं मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला जाऊन आली आहेत आणि परत आल्यावर प्रत्येकाने उरलेल्यांना दिवाणखान्यात बसवून फोटो दाखवले आहेत. वारज्याला मात्र कोणीच गेलेलं नव्हतं. मी गेले. एक-दोन दिवस नव्हे, चांगले तीन आठवडे रोज गेले. तेव्हा जे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिण्याचा अधिकार मला आहे, असं मी धरून चालते. फोटो नाहीत.

निघण्याआधी प्रवाशाची ओळख करून देते. मी बावीस वर्षं एका बँकेत सह्या ताडून पाहण्याचं काम केलं. चेकवरची सही आणि कार्डावरची सही एकाच हाताची आहे की नाही, एवढंच बघायचं. मग कॉम्प्युटर आले आणि पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. स्वेच्छा बँकेची होती, निवृत्ती माझी. घरी बसल्यावर ताडून बघायला काही उरलं नाही, म्हणून मी रिक्षांचे मीटर आणि शेजाऱ्यांची कारणं ताडून बघायला लागले. माझे यजमान म्हणायचे, "तू देवाकडेसुद्धा ओळखपत्र मागशील." देवाने ते दाखवायला काय हरकत आहे, असं मला अजूनही वाटतं.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा आठवी संपवून नववीत जाणार होती. वर्गात सगळ्यांत उंच, आणि घरात सगळ्यांत गप्प. शाळांच्या एका सामन्यात ती पहिल्यांदा व्हॉलीबॉल खेळली आणि सामना संपल्यावर एक बाई सरळ माझ्याकडे आल्या. साधी सुती साडी, पायात मात्र खेळायचे बूट. म्हणाल्या, "मी सुनंदा गायकवाड. वारज्याला मुलींचा क्लब चालवते. तुमच्या मुलीचे हात फार मऊ आहेत."

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे बॉल तिच्या बोटांवर आवाज करत नाही. मे महिन्यात शिबिर आहे, शेवटी बिबवेवाडीला तेरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा. जिल्ह्याच्या संघासाठी मुली तिथूनच निवडतात. पाठवा तिला."

परक्या बाईने पाच मिनिटांत मुलीची स्तुती केली, फीचं नावही काढलं नाही आणि गाव सांगितलं वारजे. यात काहीतरी आहे, हे कळायला बँकेत बावीस वर्षं काढावी लागत नाहीत. मी मुक्ताला नाही म्हणणार होते. पण त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, मला जायचंय." त्याआधी तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी हो म्हटलं आणि मनात ठरवलं, आपणही बरोबर जायचं.

वारजे, पहिला दिवस

पहाटे साडेपाचला निघालो. नळस्टॉपपर्यंत पुणं ओळखीचं होतं. कोथरूडला बस बदलली आणि त्यानंतर दुकानांच्या पाट्यांवरची आडनावं अनोळखी होत गेली. कंडक्टरला मी तीनदा विचारलं, "वारजे आलं की सांगाल ना?" तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बाई, वारजे कुठं पळून जात नाही." हा मनुष्य पेठेतलाच असणार, असं मला वाटलं आणि थोडा धीर आला.

उतरल्यावर समोर जे होतं ते गाव म्हणावं की शहर, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. एका बाजूला घेवड्याचं शेत, त्याला लागून सात मजल्यांची नवी इमारत, इमारतीच्या फाटकाशी पाण्याचा टँकर, आणि टँकरमागून वाट काढणाऱ्या दोन म्हशी. इमारतींची नावं सगळी इंग्रजी. आमच्याकडे इमारतीला देवाचं नाहीतर सासऱ्यांचं नाव देतात. इथे कोणाचे सासरे राहत असतील असं वाटतच नव्हतं.

फाटकाशी गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला ओळखपत्र लावलेला एक मुलगा कंपनीच्या बसची वाट बघत उभा होता. त्याला विचारलं, "इथे मुलींच्या व्हॉलीबॉलचं मैदान कुठे आहे?" तो म्हणाला, "सॉरी आंटी, आय हॅव नो आयडिया. मैं यहाँ दो साल से हूँ, ग्राउंड तो नहीं देखा." आम्ही त्याच इमारतीला वळसा घातला तर मागे मैदान होतं. त्याच्या खिडकीतून दिसत असणार. मला मात्र हेही संशयास्पदच वाटलं, की शेजाऱ्यांना ठाऊक नाही असा हा क्लब कसला.

क्लबला नाव होतं, पण पाटी नव्हती. कार्यालय म्हणजे कडुनिंबाखालची लोखंडी पेटी. मुरुमाचं मैदान, दोन खांब, त्यांना बांधलेलं नेट. चौदा मुली जमल्या होत्या आणि पहिल्या दिवशी त्यांतल्या एकीलाही बॉलला हात लावू दिला नाही. खडे वेचायला लावले, पाणी मारायला लावलं, रोलर ओढायला लावला आणि फक्कीने रेषा आखायला लावल्या. मी कडुनिंबाखालून सगळं बघत होते. शेवटी न राहवून गायकवाड ताईंना म्हटलं, "अहो, ही कामं करायला माणूस मिळत नाही का इथे?"

त्या म्हणाल्या, "मिळतो की. पण रेषा जिने आखली तिलाच बॉल बाहेर पडल्याचा राग येतो."

उत्तर चांगलं होतं. चांगली उत्तरं तयार असणाऱ्या माणसांबद्दल माझा अनुभव चांगला नाही.

वारजे, डब्याचे दिवस

या क्लबचा एक रिवाज सांगायला हवा. रोज एका मुलीच्या घरून सगळ्यांसाठी खाणं यायचं. कुणी काय आणायचं याची यादी नव्हती, फक्त वार ठरलेला. सकाळचा सराव संपला की मुली कडुनिंबाखाली गोल बसायच्या आणि जे येईल ते खायच्या. आमचा वार बुधवार होता. मी माणशी दोन, अशा मोजून इडल्या नेल्या, पाहुण्यांसाठी दोन जास्त धरून. मी चटणीचं झाकण काढेपर्यंत डबा रिकामा झाला होता. एक धिप्पाड मुलगी बोटं पुसत अगदी मनापासून म्हणाली, "काकू, ही चव बघायला दिली व्हय? ब्येस हाय. आणा की आता."

ही पूनम. वारज्याच्याही पुढच्या एका वस्तीवरून सायकलने यायची. तिच्याकडे बघितल्याक्षणी मी मनात म्हटलं, ही तेराच्या आतली नव्हे. खांदे माझ्यापेक्षा रुंद, तळवे बाईमाणसाचे. तिने बॉल मारला की समोरच्या मुली डोकी खाली घालायच्या. एकदा खाता खाता म्हणाली, "ट्रॅक्टर तर म्या दोन सालापासनं चालवतीया." मी ते ध्यानात ठेवलं.

शुक्रवारी तिची आई आली. हौसाबाई. डोक्यावर पाटी, पाटीत पंचवीस-तीस भाकऱ्या, पिठलं, खर्डा आणि उकडलेली अंडी. माझ्यासमोर बसत म्हणाल्या, "ताई, तुमी घ्या की. अंडं चालत न्हाई व्हय? मग पिठलं घ्या. उपाशी बसू नगा, लई लांबनं येताय." मी भाकरी घेतली. पेठेतली भाकरी कागदासारखी पातळ असते आणि तिचं कौतुकही पातळपणाचंच होतं. ही भाकरी जाड होती, आणि ती खाल्ल्यावर दुपारपर्यंत मला भूक लागली नाही. समोर मुक्ता अंडं सोलत होती. सराईतासारखं, एका टिचकीत. मी डोळे मोठे केले तर म्हणाली, "आई, मी तिसऱ्या दिवसापासून खातेय."

मुक्ता आणि पूनम यांची जोडी जमली होती. मुक्ता नेटजवळ उभी राहून बॉल वर उचलून द्यायची आणि पूनम धावत येऊन तो पलीकडे मारायची. मला खेळातलं काही कळत नाही, पण एवढं दिसत होतं की मुक्ताने दिलेला बॉल हवेत क्षणभर थांबल्यासारखा व्हायचा आणि पूनम बरोबर तेव्हाच तिथे पोचायची. बघणारे सगळे पूनमला टाळ्या वाजवायचे. बॉल कोणी दिला हे कोणी बघत नव्हतं. मी बघत होते. त्यातच एका मुलीचे वडील मला म्हणाले, "जिल्ह्यासाठी एका संघातून फार तर एकच मुलगी उचलतात." त्या दिवसापासून मला पूनमचं वय स्वस्थ बसू देईना.

गायकवाड ताईंच्या घरी

दुसऱ्या आठवड्यात ताईंनी जन्माचे दाखले मागितले. मी म्हटलं, मी घरी आणून देईन. खरं कारण, मला घर बघायचं होतं. माणूस काय बोलतो यापेक्षा तो कुठे राहतो यावरून जास्त कळतं, असा माझा समज.

वारज्यातल्याच एका जुन्या वसाहतीत दोन खोल्या. ताई सरकारी कार्यालयात नोकरीला, यजमानही. भिंतीवर मुलींच्या संघांचे फोटो, कोपऱ्यात चौरंगावर बुद्धाची लहान मूर्ती, तिच्यासमोर मोगऱ्याची फुलं. ताईंच्या सासूबाईंनी "जयभीम" म्हणून हात जोडले. मी "नमस्कार" म्हटलं. पाण्याचा पेला पुढे आला आणि तो उचलायला मला क्षणभर उशीर झाला. हे मी लिहिणार नव्हते. पण प्रवासात जे घडलं ते सगळं सांगायचं तर तो क्षण वगळता येत नाही, कारण तो ताईंनीही बघितला होता. मी पाणी प्यायले. रिकामा पेला ताईंनी आत नेला. त्यांना अशा क्षणांची सवय असावी, याची मला लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून त्यांचा थोडा रागही आला.

मी विषय काढला. "ताई, नुसता महापालिकेचा दाखला पुरे आहे का? शाळेचाही मागवा. काही मुली वयाने जरा मोठ्या वाटतात."

"कोण?"

"नाव कशाला घ्यायचं? सगळ्यांचं बघितलं की आपोआप कळेल."

ताईंनी माझ्या हातातला दाखला घेऊन पाहिला. मग सावकाश म्हणाल्या, "लेलेबाई, मुलगी खरी किती वर्षांची आहे ते मला बघायचं असतं. जन्माचा दाखला त्यासाठीच. शाळेचे कागद मागितले तर सगळ्यांचे मागावे लागतील हं. बघा, विचार करा."

"मग मागा की. आमची काही हरकत नाही."

"बघा," त्या पुन्हा म्हणाल्या आणि आत चहा टाकायला गेल्या. मी ठरवून टाकलं, या पूनमला झाकतायत.

बिबवेवाडी, एकटीने

घरी येऊन मी फुलस्केप कागद काढला. अर्ज लिहायला बसलं की मला नेहमीच बरं वाटतं. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाला उद्देशून लिहिलं, की निकोप स्पर्धेच्या दृष्टीने प्रत्येक संघातील प्रत्येक मुलीचा महापालिकेचा आणि शाळेचा, असे दोन्ही दाखले तपासावेत, आणि त्यांत तफावत आढळल्यास त्या मुलीस खेळू देऊ नये. खाली सही केली. यजमानांना सांगितलं नाही. मुक्तालाही नाही.

बिबवेवाडी हे वारज्याच्या बरोबर उलट दिशेला आहे. स्वारगेटवरून बस चढण चढायला लागते आणि दोन्ही बाजूंना गिरण्या, प्लायवूडची दुकानं, वेल्डिंगची, शिवणकामाची, कॉम्प्युटर शिकवण्याच्या क्लासच्या पाट्या अशी दाटी. वारजे पसरलेलं होतं, बिबवेवाडी रचलेली. मंडळाचे चिटणीस पंख्यांच्या दुकानात बसलेले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"फार चांगली सूचना आहे, मॅडम. दरवर्षी वयावरून भांडणं होतात. हे लागूच करून टाकतो. सगळ्या संघांना आजच कळवतो."

"माझं नाव कुठे येणार नाही ना?"

"छे हो. अर्ज माझ्या फायलीत."

खाली उतरून मी उसाचा रस घेतला. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे न विचारता प्यायले, इतकी मी खूश होते. आपण कुणाचं नाव घेतलेलं नाही, फक्त नियम मागितला आहे, असं मी स्वतःला दोन-तीनदा सांगितलं.

बिबवेवाडी, संघासह

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मैदानाच्या तोंडाशी मांडव, मांडवात टेबल, टेबलामागे चिटणीस. संघ रांगेत उभे. शाळांनी दाखले बंद पाकिटांतून दिले होते, ती तिथेच उघडली जात होती. मी रांगेच्या बाजूला अशी उभी राहिले की पूनमचे कागद दिसावेत.

हौसाबाईंनी पदराच्या गाठीतून नव्हे, प्लास्टिकच्या जाड पाकिटातून कागद काढला. पूनम सरकारी दवाखान्यात जन्मलेली. चिटणीसांनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले. तारीख, महिना, साल, अगदी नावातला काना-मात्रासुद्धा जुळला. पूनमला बारा पूर्ण होऊन सहा महिने झाले होते. "ठीक आहे, पुढे," ते म्हणाले. हौसाबाई मला म्हणाल्या, "लई वाढलीया ना ताई? तिच्या बापाच्या वळणावर गेलीया."

मग मुक्ताचं पाकीट उघडलं.

चिटणीसांनी दोन्ही कागदांवर एकेक बोट ठेवलं. "हा महापालिकेचा. जन्म सप्टेंबर. हा शाळेचा. जन्म मे. शाळेप्रमाणे मुलीला याच महिन्यात तेरा पूर्ण झाली." त्यांनी मान वर केली. "कुठला खरा?"

मला ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला. मुक्ताचा वाढदिवस आम्ही सप्टेंबरातच करतो. शाळेची तारीख मी आठ वर्षांत बघितलीच नव्हती. मग हळूहळू आठवलं. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी तिचं वय चार महिन्यांनी कमी पडत होतं. एक अख्खं वर्ष वाया जाणार, म्हणून आमच्या ओळखीच्या एका मास्तरांनी सुचवलं, फॉर्मवर मे लिहा, सगळेच लिहितात. आमच्या पेठेत निम्म्या मुलांचे वाढदिवस असेच दोन आहेत, एक घरी आणि एक शाळेत. त्याला कोणी खोटं म्हणत नाही. वर्ष वाचवलं असं म्हणतात. मी बँकेत जायच्या घाईत होते. फॉर्म यजमानांनी भरला आणि खाली सही मी केली.

"सप्टेंबर खरा," मी म्हटलं. "शाळेचा प्रवेशापुरता आहे. बारा वर्षं आठ महिन्यांचीच आहे हो ती."

"असेलही. पण तफावत आहे ना, मॅडम." त्यांनी फाईल उघडली. वर माझाच अर्ज होता. तो पुरता बाहेर न काढता त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तफावत आढळल्यास त्या मुलीस खेळू देऊ नये. तरीही मी म्हटलं, "या एका वेळी काही करता येणार नाही का?" आयुष्यभर लोकांनी मला काउंटरवर हेच विचारलं होतं आणि मी सगळ्यांना नाही म्हटलं होतं. ते म्हणाले, "तुम्हीच सांगा, कसं करू?"

गायकवाड ताई मागे उभ्या होत्या. त्यांनी फाईल बघितली होती की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांनी मुक्ताच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला बाजूला नेलं. नंतर माझ्याजवळ आल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"शाळेच्या सामन्यातच मी तिचा शाळेचा दाखला बघितला होता. पुढे तुम्ही महापालिकेचा दिलात, तो खरा. म्हणून मी तोच धरला."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. शाळेच्या फॉर्मवर पालकांची सही असते."

मुक्ता रडली नाही. तिने संघाचा शर्ट काढून घडी घातली, घरचा कुडता घातला आणि पाण्याच्या बाटल्या भरायला गेली. मला वाटत होतं तिने रडावं, निदान माझ्याशी भांडावं. ते मला सोसलं असतं.

संघ पहिला सामना जिंकला, मोठ्या कष्टाने. मुक्ताच्या जागी उभी राहिलेली मुलगी चांगली होती, पण पूनम धावत यायची आणि बॉल तिथे नसायचा. दोनदा तर तिचा हात हवेतच फिरला. तिसऱ्यांदा नेटमध्ये आपटली. मुक्ता रेषेबाहेर बसून बोटांनी हवेत बॉल उचलून देत होती. तिला स्वतःलाही ते कळत नसावं.

दुपारी सावलीत सगळे जेवायला बसलो. हौसाबाईंनी माझ्या हातावर भाकरी ठेवली आणि त्या माझ्या शेजारीच बसल्या. माझ्यासाठी त्यांचा जीव खरंच तुटत होता.

"ताई, जेवा. अन्नावर राग काढू नगा. पोरीच्या हातात कला हाय, ती कुनी काढून घ्येत न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लोक म्हनत्यात कुनीतरी अर्ज दिलावता, तवा हे दाखल्याचं निघालं. कोन मेला असंल वो? दुसऱ्याच्या लेकरावर टपून बसायचं म्हंजी काय."

पलीकडे मुक्ता आणि पूनम एका ताटात खात होत्या. मी गप्प राहिले असते तर ते कधीच कोणाला कळलं नसतं. चिटणीसांनी नाव सांगितलं नसतं, आणि ताईंनी, माहीत असतं तरी, सांगितलं नसतं. पण ती भाकरी माझ्या हातात होती आणि ती तशीच खाता येणार नाही हे मला समजलं.

मी म्हटलं, "मी दिला."

हौसाबाईंना वाटलं मी काहीतरी दुसरंच म्हणतेय. "काय दिला?"

"अर्ज. मी दिला होता."

हौसाबाईंनी हातातला घास खाली ठेवला. सावकाश त्यांची नजर पूनमकडे गेली, तिच्या खांद्यांकडे, हातांकडे, आणि परत माझ्याकडे आली. त्यांना सगळं सांगावं लागलं नाही.

"माझ्या पोरीसाठी व्हय?"

"हो."

त्यांनी डबा झाकला नाही की भाकरी परत घेतली नाही. पाण्याची बाटली माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "जेवा, बाई." आतापर्यंत त्यांच्या तोंडी मी ताई होते. मग त्या उठून मुलींकडे जाऊन बसल्या. मुक्ताच्या हातातला घास तसाच राहिला होता. तिने सगळं ऐकलं होतं.

परतीची बस

दुसरा सामना आम्ही हरलो. जिल्ह्यासाठी आमच्या संघातून पूनमची निवड झाली. यादी वाचल्यावर ती धावत मुक्ताकडे गेली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ताईंनी मला शाळेतली तारीख दुरुस्त करून घेण्यासाठी कुठे जायचं, कुठलं प्रतिज्ञापत्र लागतं, सगळं समजावून सांगितलं. "वर्षभरात होईल," त्या म्हणाल्या. "शिबिर संपलं तरी क्लबचा सराव रोज असतो. तिला पाठवत जा." मी "पाठवते" म्हटलं. त्यांनी "तुम्हीही या" असं म्हटलं नाही. मी त्याची वाट बघितली नाही, असं म्हणणं खोटं होईल.

बसमध्ये मुक्ता खिडकीशी बसली. मी तीन-चार वाक्यं तयार केली होती. तुझ्यासाठीच केलं, हे त्यातलं पहिलं. ते मी मनातच खोडलं.

स्वारगेटला उतरताना ती म्हणाली, "पूनम मला रोज विचारायची, तुझी आई आमच्याकडे अशी का बघते. मी तिला सांगायची, तिला चष्मा बदलायचाय."

मग आम्ही इमारतीत शिरलो. जिन्यात थांबून तिने मागे न बघता सांगितलं, "उद्यापासून मी एकटी जाईन."

मी म्हटलं, "कोथरूडला बस बदलावी लागते. आणि उतरल्यावर त्या इमारतीला वळसा..."

"आई," ती म्हणाली, "मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सवयीने उठले, डबा भरला आणि चपला घातल्या. मुक्ता दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली. तिने माझ्या पायांकडे बघितलं आणि तशीच उभी राहिली. मी चपला काढून बाजूला ठेवल्या, तेव्हा तिने डबा घेतला आणि जिना उतरली.